बांधावरची कळलावी

२३ नोव्हेंबर २०२१

अंगणवाडीतून रिटायर होताना एक कोरं हजेरी रजिस्टर उरलं होतं, त्यात लिहिते. कुणाला सांगितल्याशिवाय माझं डोकं फुटेल, आणि ज्यांना सांगायची सवय होती ते फोटोत जाऊन बसले.

काल ह्यांचा तेरावा झाला. दीडशे पान उठलं. शेवटची पंगत बसली आणि माझी धाकटी जाऊ आवडाबाई, हातातली वरणाची बादली खाली ठेवून, सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "आबा गेले. मेल्या मानसाचं वाईट बोलू नाय. पन बांध कोरला त्यांनी माझा. जुन्या बांधावर कळलावी व्हती. आता हाय त्या बांधावर एक तरी दावा."

तेराव्याला! लोकांच्या तोंडात अजून बुंदी होती. जिभेला काय हाड? माझ्या माणसाला, ज्यांना अख्खं गाव आबा म्हणून हाक मारायचं, त्यांना ही बांधकोऱ्या म्हणून मोकळी झाली.

आमचा आणि तिचा एकच गट, मधोमध बांध. सासरे होते तेव्हा दोन भावांत तोंडी वाटणी झाली, दोरी धरून. तिचा नवरा सांडू, माझा धाकटा दीर, बारा वर्षांखाली गेला. तेव्हापासून तिचं रान दरसाल ह्यांनीच नांगरून दिलं, फुकट. डिझेलचा रुपया घेतला नाही. बांध नीट करायला पहाटे एकटे कुदळ घेऊन जायचे, गड्याला हात लावू द्यायचे नाहीत, इतका जीव त्या बांधावर. आणि त्याची ही परतफेड. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

२६ नोव्हेंबर

रात्रभर तेच डोक्यात. म्हणे वाटणीला कपाशीची वीस-वीस तासं, म्हणजे ओळी, पडली होती, आज तुमच्यात बावीस आणि माझ्यात अठरा, मोजा. मी म्हटलं, माझा माणूस दाट पेरायचा, तुझा बटईवाला पातळ पेरतो, ह्यात माझ्या माणसाचा काय गुन्हा? अडाणी ती अडाणीच.

पण कळलावीचं लोकांना पटलं. कारभारी अण्णा पंचांत सगळ्यांत म्हातारे, तेही मान हलवत होते. आमच्याकडं कळलावी मुद्दाम कुणी लावत नाही. कंद विषारी, ढोरानं खाल्ला तर जागेवर पडतं, आणि दारात लावली तर घरात भांडणं लागतात म्हणतात. म्हणून ती उगवते तिची तीच, जिथं औत जात नाही तिथं. जिथं कळलावी तिथं जुना बांध, हे गावात लहान पोरालाही ठाऊक. श्रावणात लाल-पिवळ्या फुलांची रांगच्या रांग दिसते, वाटणीसाठी दुसरी खूण लागत नाही.

आणि आमच्या बांधावर नुसतं कुंदा गवत आहे, हे खरं.

२ डिसेंबर

लेणीच्या रस्त्याला घाणेरीच्या झुडपात कळलावीची सुकलेली बोंडं सापडली. उकलून बिया काढल्या. केशरी, चिकट. शंभराच्या वर भरतील.

हातात बिया घेऊन मी तिथंच बसले आणि मला सुचलं.

बांधावर कळलावी होतीच. ह्या बाईनं तणनाशक मारून जाळली असणार, आणि आता वर तोंड करून विचारते, कुठं आहे. चोराच्या उलट्या बोंबा. मी होती तिथं परत लावणार, एवढंच. ह्याला लबाडी म्हणत नाहीत. कळलावी कुणी मुद्दाम लावेल हे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, हे मात्र खरं.

२ जून २०२२

आता मी बजाजनगरला, लेकाकडं. काकासाहेब वाळूजच्या कंपनीत, कधी रात्रपाळी, कधी दिवसपाळी, भेटतो तेव्हा झोपलेला असतो. सून कावेरी. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्या होत्या, त्यांना भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं. बिया दोन दिवस पाण्यात ठेवल्या, वरची केशरी साल चोळून काढली, पेरल्या.

कावेरी म्हणाली, "आत्या, काय लावताय?"

"औषधी आहे."

"कशावर?"

"जिभेवर," मी म्हटलं. तिला वाटलं तिच्यावर बोलले. दिवसभर फुगून होती. मला समजवायला वेळ नव्हता.

९ जुलै

महिना उलटून गेला, काही नाही. सहा बादल्या चिखल झाला आहे. काकासाहेब म्हणतो, "माय, सोड ना आता." कळलावी सोडू का बांध सोडू, ते त्यानं सांगितलं नाही.

१७ जुलै

आलं! एका बादलीत तीन कोंब. गवताच्या पात्यासारखे, पण मी ओळखले.

३० सप्टेंबर

एकूण चव्वेचाळीस उगवली. वेल वगैरे काही नाही, एकेका रोपाला चार पानं आणि टीचभर उंची. मला वाटलं होतं यंदाच्या श्रावणात फुलं येतील, आवडेच्या नाकावर टिच्चून दाखवीन. फुलं कसली, पानंच पिवळी पडायला लागली. रागानं एक उपटून टाकणार होते.

२० डिसेंबर

आज कावेरीनं घात केला. पानं वाळून गेली, बादल्यांत नुसती माती दिसते, म्हणून तिनं दोन बादल्या उलट्या करून कोथिंबीर पेरली. मी इतकं बोलले, इतकं बोलले, की शेजारची बाई गच्चीवर आली. कावेरी रडत म्हणाली, "मेलेलं होतं हो आत्या! मला काय माहीत!"

मलाही कुठं माहीत होतं? ओतलेली माती चाळायला बसले, तर आत पांढरे बारके कंद. काडीपेटीतल्या काडीएवढे, वाकडे. जिवंत. वरून मेल्याचं सोंग आणि खाली जीव धरून. अकरा सापडले, बाकी गेले. वर्षभर राबून काडीएवढा कंद होतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

कावेरीला रात्री दूध दिलं. सॉरी म्हणता येत नाही मला.

१५ मार्च २०२३

मोजणीवाले आले म्हणून गावी गेले. एसटीच्या पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर लिहिलंय, कंडक्टर मात्र 'औरंगाबाद, औरंगाबाद' ओरडतो.

मोजणीचा अर्ज आवडेनं दिला होता. साहेबानं कागद बघितला आणि म्हणाला, सातबारा सामाईक आहे, वाटणी तोंडी, आतला बांध कुठं होता हे आम्ही कसं दाखवणार? आपसात मिटवा. गेले निघून, चहा पिऊन.

आवडा मला म्हणाली, "मोठ्या बाई, देवाला ठाव हाय."

मी म्हटलं, "देवाला मधे घालू नको, त्याला दुसरी कामं आहेत."

तिचं पोलकं खांद्यावर उसवलं होतं. काकासाहेबाच्या वेळी सव्वा महिना हिनंच मला न्हाऊ-माखू घातलं. बोलून दाखवते का बघावं, तर दाखवत नाही. त्याचाच जास्त राग येतो.

४ सप्टेंबर २०२३

दुसरं वर्ष. गुडघ्याएवढी झाली. पानाच्या टोकाला दोरा येतो आणि सापडेल ते धरतो, कावेरीची दोरीवरची साडी धरली होती. फूल नाही. एकही नाही. पंचांना मी काय पानं दाखवू?

कावेरी आता स्वतः पाणी घालते. मी सांगितलं नव्हतं.

१२ डिसेंबर

एक उकरून बघितला. दुसऱ्या वर्षाचा कंद भुईमुगाच्या शेंगेएवढा, दोन पायांचा. देवा, किती सावकाश वाढते ही. हिच्यापेक्षा माणूस लवकर मोठा होतो.

११ मे २०२४

काल अक्षय तृतीया, आमची आखिती. गावच्या घरी ह्यांच्या नावाची घागर भरली, आंब्याचा रस ठेवला.

आज पहाटे बांधावर गेले. पिशवीत एकतीस कंद, ओल्या फडक्यात. निघताना कावेरी म्हणाली होती, "आत्या, हात धुवा बरं का, विषारी आहे म्हणतात." म्हणजे हिला कळलं आहे काय ते. मोबाइलवर बघितलं असणार.

बांधाच्या ह्या टोकापासून लावायला घेतले. अंगणवाडीत पोरांना हात हात अंतरावर रांगेत बसवायची सवय, तसंच एका हाताच्या अंतरावर एक, दोरी धरून. एकही रेषेबाहेर नाही. कुणी बघितलं नाही. वर गवत पसरलं.

पाठ मोडली, पण मन हलकं झालं. अहो, तुमच्या नावाला कुणी बोट लावणार नाही आता.

२३ जून

काल गावी पंच बसले. कारभारी अण्णा म्हणाले, "दोघी जनी इधवा, कोर्टात जाऊन काय करता? श्रावनात आम्ही समदे बांधावर येतो. तवर बांधालगत दोन्हीकडं पाच-पाच पावलं कुनी औत घालायचं नाय, खुरपायचं नाय. जमीन सांगल ते खरं."

मी लगेच हो म्हटलं. आवडाही म्हणाली. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही तिच्याच मनासारखं झालं. बघ म्हटलं, बघ.

पाऊस मात्र नाही. पेरण्या खोळंबल्यात. माझ्या कंदांचं काय होतंय, जीव टांगणीला. इथं बजाजनगरात बसून मी काय करणार?

१७ ऑगस्ट २०२४

उद्या पंच येणार. आज दुपारीच गावी आले आणि चहाही न घेता बांधावर गेले.

फुलं आली होती! माझी कळलावी! एकतीसपैकी सव्वीस उगवल्या, दहा-बाराला फूल. कुणाला एक, कुणाला दोन. बारीक, काडीसारख्या वेली, पण फूल ते फूल. मी हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

मग मी आमच्या रानाकडं वळले.

पाच पावलं नांगरट नाही, खुरपणी नाही, गवत मांडीएवढं. आणि त्या गवतात, बांधापासून तीन पावलं आत, आमच्या जमिनीत, लाल-पिवळी रांग. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोरी धरल्यासारखी नाही, वाकत वाकत, सासऱ्यांच्या वेळचा बांध वाकायचा तशी. एकेका ठिकाणी आठ-आठ, दहा-दहा वेली, अंगठ्याएवढे देठ, एकेका वेलीला पंधरा-वीस फुलं.

आधी म्हटलं पाखरांनी बी टाकलं असेल. पाखरं रांगेत टाकतात का? मग म्हटलं मागच्या पावसात आलं असेल. पण हे मी कुणाला सांगते? तीन वर्षं बादलीपुढं बसले आहे मी. पहिल्या वर्षी काडी, दुसऱ्या वर्षी शेंग, तिसऱ्या वर्षी बोट आणि एक फूल. गावात दुसरं कुणी फसेल, मी कशी फसू?

कुदळ आणून उकरलं. एक हात खाली कंद लागला. मनगटाएवढा जाड, कोपरापर्यंत लांब, दोन फाटे. काकासाहेबाच्या जन्माच्या आधीचा असेल. नांगर त्याच्या वरूनच जात होता इतकी वर्षं, आणि उगवलं की खुरप्यानं निघत होतं.

बारा वर्षं. दरसाल वीतभर. फुकट नांगरून देत होते. पहाटे एकटे कुदळ घेऊन जात होते. दाट पेरायचे म्हणे! बावीस तासं! आणि मी ज्याला-त्याला अभिमानानं सांगत फिरले. माझ्या सगळ्या अंगाची आग झाली, लाजेनं का रागानं कुणास ठाऊक.

आणि तरी मी उपटायला लागले. हे पण लिहिते, खोटं लिहायचं तर रजिस्टर कशाला. उद्या पंच येणार, आज सगळी रांग उपटली तर कोण बघतं? चार ठिकाणं उकरली. हात रक्ताळले.

मागून आवाज आला. "हात धुवा आधी. इखारी हाय ते."

आवडा. कमरेवर पाण्याची घागर.

मी म्हटलं, "केव्हापासून उभी आहेस?"

"तुम्ही फुलांना हात जोडले तवापासून."

"मग ओरड. बोलव गावाला."

"कशापायी ओरडू? उपटा की. मनगटाएवढं भोक पडतंय एकेकाचं. उद्या भोकं बघतील पंच."

ती बांधावर येऊन बसली. माझ्या रोपांकडं बोट केलं. "ह्या तुम्ही लावल्या, मला आखितीच्या दुसऱ्या दिशीच उकरल्याली माती बघून कळलं. हात हात अंतरावर कळलावी उगवती काय कुठं? अंगनवाडी हाय का ती?"

मी म्हटलं, "मग उपटून का टाकल्या नाहीस?"

"उपटू? पानी घातलं मी त्यास्नी! जूनमदी पंधरा दिस आभाळ कोरडं, रोज दोन घागरी आनल्या हिरीवरून."

"माझ्या झाडांना? तू?"

"तुमची लबाडी जगाया पायजे व्हती मला," आवडा म्हणाली. "मरून गेली असती तर कुनाला दावली असती? अक्षी फुलावर आनली."

तीन वर्षांत पहिल्यांदा मला तिचं म्हणणं पटलं. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं.

तिनं घागर कलती केली, मी हात धुतले. जाताना म्हणाली, "आबांनी कोरला ते मला पयल्या वर्सापासून ठाव व्हतं. पन इधवा बाई, नांगर कुनाचा? त्यांचाच. बोलले असते तर रान पडीक राहिलं असतं. ते व्हते तवर गिळलं."

मी म्हटलं, "मग मेल्यावर बोललीस."

"मेल्यावरच बोलता येतंय," ती म्हणाली आणि गेली.

घरी येऊन फोटोसमोर बसले आहे. दिवा लावला नाही. अहो, भावाच्या विधवेचं? आपल्याला काय कमी होतं? सांगा ना. काकासाहेबाला नोकरी, मला पगार. आठ फुटांसाठी? मी तुमचं नाव राखायला सुनेला रडवलं, जावेला चोर म्हटलं, म्हातारपणी पहाटे चोरासारखी बांधावर गेले. आणि तुम्ही हार घालून बसलात.

१८ ऑगस्ट

पंच सात जण आले. भावकीतले वीसेक, बायाही. कारभारी अण्णांना दोघांनी धरून आणलं. बांधावरची फुलं बघून ते म्हणाले, "हाय की कळलावी! आवडे, मग काय म्हनत व्हतीस तू?"

सगळ्यांनी आवडाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत राहिली. तिला बोलता आलं असतं.

मी म्हटलं, "अण्णा, ही मी लावली आहे. बजाजनगरला बादलीत वाढवली. बांध हा नाही. तिकडं बघा, गवतात. तो आहे बांध."

गलका झाला. काकासाहेब पाळी सोडून आला होता, तो "माय, माय" करत माझा दंड ओढायला लागला. मी हात झटकला. पंच गवतात शिरले, एकानं कंद उकरून हातात धरला. नवीन बांधाला खुणेचे दगड रोवले, जुन्या रांगेवर, वाकत वाकत.

मग अण्णांनी कागद काढला. "बाई, लिवावं लागतंय. पुन्हा पोरांत तंटा नको. बांध सरकला म्हनून लिवू?"

मी म्हटलं, "आपोआप सरकत नाही बांध. सरकवला म्हणून लिहा."

"कुनी?"

भावकी सगळी खाली बघायला लागली. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. 'मयतानं' असं लिवतो. बाईनं नाव घ्यायचं काय कारन नाय."

"पुंजाराम," मी म्हटलं.

लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आज. अडतीस वर्षांत एकदा नाही. इथं रजिस्टरातही 'हे'च लिहीत आले. अण्णांनी पेन थांबवला. "कोन?"

"पुंजाराम. माझा नवरा. लिहा."

आवडानं तोंडाला पदर लावला आणि मोठमोठ्यानं रडायला लागली. मला असा राग आला! हिला पाहिजे होतं ते मिळालं, सगळ्या गावासमोर मिळालं, माझा माणूस माझ्याच तोंडून चोर झाला, आणि रडायचं हिनं?

"रडू नको," मी तिला म्हटलं. "अंगठा उठव."